वार्धक्याची तयारी तारुण्यातच : एक धम्मचिंतन

प्रास्ताविक

भगवान बुद्धांनी दुःखाचे स्वरूप सांगताना जन्म, जरा, व्याधी आणि मरण या चार गोष्टींचा उल्लेख वारंवार केलेला आहे. त्यांपैकी जरा म्हणजे म्हातारपण. हा शब्द आपण विहारात लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु तो आजी-आजोबांसाठी आहे, आपल्याला त्याचा विचार करण्यास अजून पुष्कळ अवकाश आहे, असा तरुण मनाचा समज असतो. सदर लेखात हा समज धम्माच्या आधारे तपासून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. म्हातारपण साठाव्या वर्षी दिसू लागते, पण ते कसे असेल हे पुष्कळ अंशी वीस ते चाळीस या वयात ठरते, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

विषयाच्या आरंभीच परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उपस्थित केलेला एक प्रश्न ध्यानात घेतला पाहिजे. सिद्धार्थाने एक म्हातारा, एक रोगी आणि एक प्रेत पाहिले आणि त्यामुळे त्याने गृहत्याग केला, अशी पारंपरिक कथा आहे. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रकाशित झालेल्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या आरंभी त्यांनी ही कथा बुद्धीला पटत नाही असे म्हटले आहे. गृहत्यागाच्या वेळी सिद्धार्थाचे वय २९ वर्षांचे होते. म्हातारपण, आजार आणि मृत्यू या गोष्टी रोज सर्वत्र घडत असताना २९ वर्षांपर्यंत त्या त्याच्या दृष्टीस पडल्याच नाहीत, हे कसे शक्य आहे, असा त्यांचा सवाल आहे. त्यांनी गृहत्यागाचा संबंध शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या वादाशी जोडला आहे.

येथे एक गोष्ट अभ्यासण्यासारखी आहे. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी या चार दृश्यांची सविस्तर कथा दीघ निकायातील महापदान सुत्तात येते, ती पूर्वीच्या विपस्सी बुद्धांच्या संदर्भात. गौतम बुद्धांनी स्वतःच्या तरुणपणाविषयी जे सांगितले ते अंगुत्तर निकायात आहे आणि त्यात रथातून नगरात जाण्याचा प्रसंग नाही. तेथे ते एवढेच सांगतात की, आपण मोठ्या सुखात वाढलो होतो. तेव्हा मनात विचार आला की, सामान्य माणूस स्वतः म्हातारा होणार असूनही दुसऱ्या म्हाताऱ्याला पाहून नाक मुरडतो. मीही म्हातारा होणारच आहे, मग मी तसे करणे मला शोभणारे नाही. असा विचार करताच आपला तारुण्याचा मद नाहीसा झाला, असे तथागत म्हणतात.

म्हणजे येथे अचानक बसलेला धक्का नाही, विचारपूर्वक केलेले चिंतन आहे. बाबासाहेबांच्या प्रश्नाचे मर्मही आपल्याला हेच शिकविते. म्हातारी माणसे आपल्या घरात, चाळीत, वस्तीत रोज दिसतात. दिसूनही आपण त्यांच्यात स्वतःला पाहत नाही.

यौवनमद म्हणजे काय?

वरील सुत्तात भगवंतांनी तीन प्रकारचे मद सांगितले आहेत. पहिला यौवनमद, म्हणजे मी तरुण आहे ही धुंदी. दुसरा आरोग्यमद, म्हणजे मला काही होत नाही ही धुंदी. तिसरा जीवितमद, म्हणजे मी पुष्कळ जगणार आहे ही धुंदी. या धुंदीत माणूस कायेने, वाचेने आणि मनाने अकुशल कर्म करतो, असे त्यांनी म्हटले आहे.

हे तिन्ही मद आज आपल्या अवतीभवती दिसतात. पगार होण्यापूर्वीच हप्त्यावर घेतलेला महागडा मोबाईल, मित्रांच्या आग्रहाखातर सुरू झालेला खर्रा किंवा मावा, रात्री दोन-दोन वाजेपर्यंतचे जागरण, 'बचत काय, नंतर बघू' हे उत्तर, आणि घरातील म्हाताऱ्या माणसाने तीच गोष्ट दुसऱ्यांदा विचारली की चढणारा आवाज. यांतील एकही गोष्ट त्या दिवशी मोठी वाटत नाही. तिचा हिशेब पुढे होतो.

म्हणूनच अंगुत्तर निकायात पाच गोष्टींचे नित्य चिंतन करण्यास सांगितले आहे. त्यांतील पहिली गोष्ट अशी की, मी जराधर्मी आहे, म्हातारपण मला टळलेले नाही. हे चिंतन स्त्री, पुरुष, गृहस्थ आणि प्रव्रजित या सर्वांनी करावे असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. ते केवळ भिक्खूंसाठी किंवा वृद्धांसाठी नाही.

श्रेष्ठीपुत्राची कथा

धम्मपदाचा अकरावा वग्ग 'जरावग्ग' या नावाने प्रसिद्ध आहे. त्याच्या अखेरच्या दोन गाथांत तरुणपणी धर्माचरणही केले नाही आणि धनही मिळविले नाही अशा माणसाच्या म्हातारपणाला मासे नसलेल्या तळ्यातील म्हाताऱ्या बगळ्याची उपमा दिली आहे. या गाथा कोणत्या प्रसंगी उच्चारल्या गेल्या, याची कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने ती वाचावी अशी आहे.

वाराणसीत एका धनाढ्य श्रेष्ठीला एक मुलगा होता. घरात ऐंशी कोटींचे धन. एवढे धन असताना मुलाने दुसरे काही शिकण्याची गरज काय, असा विचार करून आई-वडिलांनी त्याला केवळ गाणे-बजावणे शिकविले. तेवढ्याच श्रीमंत घरातील आणि तशाच रीतीने वाढलेल्या मुलीशी त्याचा विवाह झाला. पुढे दोघांचेही आई-वडील वारले. काही मद्यपींनी या तरुणाला हेरले आणि त्याला दारूची सवय लावली. त्याने आधी स्वतःचे धन उडविले, मग पत्नीचे. मग शेत, बागा, वाहने, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण विकले. म्हातारपणी राहते घरही गेले. पती-पत्नी दुसऱ्याच्या भिंतीच्या आडोशाने राहू लागली आणि हातात खापर घेऊन भीक मागू लागली.

एके दिवशी भिक्खूंच्या भोजनशाळेच्या दाराशी, श्रामणेरांनी दिलेले उरलेले अन्न घेताना भगवंतांनी त्याला पाहिले. आनंदाने विचारल्यावर त्यांनी जे सांगितले त्याचा सारांश असा. या माणसाने पहिल्या वयात आपले धन उद्योगात लावले असते तर तो या नगरीचा पहिला श्रेष्ठी झाला असता. प्रव्रज्या घेतली असती तर अर्हत झाला असता. मधल्या वयात हेच केले असते तर तो दुसऱ्या क्रमांकाचा श्रेष्ठी किंवा अनागामी झाला असता. अखेरच्या वयातही धन राखून उद्योग केला असता तर तिसऱ्या क्रमांकाचा श्रेष्ठी झाला असता, प्रव्रज्या घेतली असती तर सकदागामी झाला असता. आता तो दोन्हींकडून गेला.

या कथेतून तीन बोध मिळतात. पहिला असा की, वारशाने आलेले धन म्हातारपणाची हमी देत नाही. दुसरा असा की, जितकी सुरुवात लवकर तितके फळ मोठे. तिसरा बोध असा की, उशिरा केलेली सुरुवातही वाया जात नाही. पहिले वय गेले म्हणून दुसरे आणि तिसरे वय सोडून द्यावे, असे भगवंत म्हणत नाहीत.

'सर्व अनित्य आहे, मग साठवायचे कशाला?'

अभ्यासवर्गात काही तरुण असा प्रश्न विचारतात की, सर्व संस्कार अनित्य आहेत आणि वर्तमानात जगावे असे धम्म सांगतो, तर पुढच्या तीस-चाळीस वर्षांची तरतूद करणे ही तृष्णा नव्हे काय? प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तरही सुत्तांतच आहे.

अंगुत्तर निकायात 'अनागतभय' या विषयावरील सुत्ते आहेत. अनागतभय म्हणजे अजून न आलेले, परंतु येणारे भय. त्यांतील एका सुत्तात भगवंत भिक्खूंना सांगतात की, आज मी तरुण आहे, माझे केस काळे आहेत. पण या देहाला जरा गाठेल असा काळ येईल आणि तेव्हा बुद्धशासनाचे चिंतन करणे सोपे राहणार नाही. म्हणून तो काळ येण्यापूर्वीच वीर्य करावे, म्हणजे झटून प्रयत्न करावा. त्यानंतर आजार, दुष्काळ, अशांतता आणि संघातील फूट या भयांचा असाच विचार केला आहे. सम्राट अशोकाने राजस्थानातील बैराट येथे मिळालेल्या लेखात भिक्खू, भिक्खुणी, उपासक आणि उपासिका यांनी वारंवार ऐकावेत म्हणून सात धम्मग्रंथांची नावे कोरविली आहेत. त्यांत 'अनागतभयानि' हे नाव आहे. म्हणजे येणाऱ्या काळाचा विचार करणे हे धम्माच्या विरुद्ध नाही. सम्राट अशोकाला तर ते आवर्जून सांगावेसे वाटले.

चिंता आणि तयारी यांत फरक आहे. चिंता करणारा उद्याच्या भीतीने आजचा दिवस घालवितो. तयारी करणारा आजच्या दिवशी करावयाचे काम आजच करतो आणि मोकळा होतो. अनित्यतेचे ज्ञान ज्याला झाले तो तर म्हणेल की, माझे तारुण्यही अनित्य आहे, म्हणून ते असेतोवर त्याचा उपयोग करून घेतला पाहिजे.

ही तयारी चार अंगांनी करावी लागते : धन, शरीर, नाती आणि मन.

पहिली तयारी : धन

कोलीयांच्या कक्करपत्त नावाच्या गावी दीघजाणू नावाच्या गृहस्थाने भगवंतांना सांगितले की, आम्ही मुलाबाळांत राहणारी, संसारी माणसे आहोत. आम्हाला आमच्या उपयोगाचे सांगा. तेव्हा भगवंतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या. उट्ठानसंपदा म्हणजे मेहनतीने व कौशल्याने कमाविणे. आरक्खसंपदा म्हणजे कमाविलेले राखणे. कल्याणमित्रता म्हणजे चांगल्यांची संगत धरणे. समजीविता म्हणजे आवक पाहून खर्च करणे. व्यभिचार, दारू, जुगार आणि वाईट मित्र ही धन वाहून जाण्याची चार भगदाडे आहेत, असेही त्यांनी सांगितले. सिगालोवाद सुत्तात तर मिळकतीचे चार भाग करावेत, एक उपभोगावा, दोन व्यवसायात घालावेत आणि चौथा अडचणीच्या दिवसांसाठी ठेवावा, असा हिशेबच दिलेला आहे.

या उपदेशाची गरज आमच्या पिढीला आधीच्या पिढीपेक्षा अधिक आहे. आमच्या वडिलांच्या पिढीतील जे रेल्वे, पोस्ट, महानगरपालिका किंवा शासकीय खात्यात लागले त्यांना निवृत्तीनंतर पेन्शन मिळाली. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन योजना लागू झाली नाही. त्यांच्यासाठी वर्गणीवर आधारित योजना आली. खाजगी आणि कंत्राटी नोकरीत तर अनेकांना तेवढेही नाही. तेव्हा 'नोकरी लागली, म्हातारपण सुटले' हे जुने समीकरण आता उरलेले नाही.

लवकर सुरुवातीचे महत्त्व आकड्यांनी पाहू. दरमहा ५०० रुपये वयाच्या २५ व्या वर्षापासून ६० व्या वर्षापर्यंत बाजूला टाकले आणि वार्षिक ७ टक्के दराने चक्रवाढ व्याज मिळाले असे धरले, तर भरलेली रक्कम २ लाख १० हजार होते आणि हाती सुमारे ९ लाख रुपये येतात. तेच ५०० रुपये ४० व्या वर्षापासून टाकले तर भरलेली रक्कम १ लाख २० हजार होते आणि हाती सुमारे २ लाख ६० हजार येतात. पहिल्याने ९० हजार रुपये जास्त भरले, पण मिळाले सव्वासहा लाखांहून अधिक. महागाईमुळे त्या वेळी या रकमेची किंमत आजच्याएवढी राहणार नाही, हे खरे आहे. म्हणून पगार वाढेल तशी बचतही वाढविली पाहिजे.

असंघटित क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी केंद्र शासनाने २०१५ साली अटल पेन्शन योजना सुरू केली. १८ ते ४० वयाच्या, आयकर न भरणाऱ्या व्यक्तीला बँक किंवा पोस्टाच्या खात्यातून तीत भाग घेता येतो. साठीनंतर दरमहा ५,००० रुपये पेन्शनसाठी १८ व्या वर्षी सुरुवात करणाऱ्यास दरमहा २१० रुपये भरावे लागतात, ३० व्या वर्षी सुरुवात करणाऱ्यास ५७७ आणि ४० व्या वर्षी सुरुवात करणाऱ्यास १,४५४. श्रेष्ठीपुत्राच्या कथेतील पहिले, दुसरे आणि तिसरे वय येथे रुपयांत मांडलेले दिसते.

दुसरी तयारी : शरीर

कोसलचा राजा पसेनदी याला अतिभोजनाची सवय होती. तो द्रोणभर भाताचे जेवण जेवून धापा टाकीत भगवंतांकडे आला. जो स्मृती ठेवून मोजके जेवतो त्याच्या वेदना कमी होतात आणि तो हळूहळू म्हातारा होतो, असा उपदेश भगवंतांनी त्याला केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करून आपल्या प्रत्येक जेवणाच्या वेळी म्हणावयास सांगितले. हळूहळू राजाचा आहार नाळीभर भातावर आला, अंग हलके झाले, आणि भगवंतांनी आपले इहलोकीचेही हित केले असे उद्गार त्याने काढले. संयुत्त निकायातील ही कथा आहे. म्हातारपण टाळता येत नाही, परंतु त्याची गती आपल्या ताटावर अवलंबून असते, हे त्यात सांगितले आहे.

आजचे वैद्यकशास्त्रही हेच सांगते. हाडांची घनता साधारण तिशीपर्यंत वाढते आणि त्यानंतर हळूहळू घटत जाते. स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यानंतर ती अधिक वेगाने घटते. म्हणजे सत्तरीतील आजीचे खुब्याचे हाड किती मजबूत असेल हे ती मुलगी असताना तिच्या ताटात काय पडले आणि तिने किती हालचाल केली यावर बरेच अवलंबून असते. ज्या घरात दूध, अंडी आधी मुलाला आणि उरले तर मुलीला, अशी रीत असेल तेथे ती रीत आजच बदलली पाहिजे. उच्च रक्तदाब आणि मधुमेह पुष्कळदा वर्षानुवर्षे काही त्रास न देता शरीर पोखरतात; तपासणी केल्याशिवाय ते कळत नाहीत. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालण्याइतका व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज बावीस मिनिटे काढली तरी हे साधते.

पंचशीलातील पाचवे शील आपण दर पौर्णिमेला ग्रहण करतो. दारूने घर मोडते हे आपल्याला ठाऊक आहे. तंबाखूच्या पुडीचाही त्याच दृष्टीने विचार झाला पाहिजे.

तिसरी तयारी : नाती

सावत्थीत एक पूर्वी श्रीमंत असलेला म्हातारा ब्राह्मण जुनेर पांघरून भगवंतांकडे आला. चार मुलांनी बायकांच्या मसलतीने त्याला घराबाहेर काढले होते. भगवंतांनी त्याला काही गाथा शिकविल्या आणि मुले बसलेली असतील अशा भर सभेत म्हणावयास सांगितल्या. त्यांचा आशय असा की, अशा मुलांपेक्षा हातातली काठी बरी. ती बैलाला, कुत्र्याला हाकलते, अंधारात वाट दाखविते, पाण्यात ठाव देते. मुले लाजली आणि वडिलांना घरी घेऊन गेली, त्यांना न्हाऊ-माखू घातले. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही कथा आजच्या कोणत्याही वस्तीत घडू शकते.

आपल्या समाजात या प्रश्नाला एक विशेष बाजू आहे. शिक्षणाचा बाबासाहेबांचा आदेश शिरोधार्य मानून आमच्या आजी-आजोबांनी, आई-वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन मुले शिकविली. त्यांनी स्वतःसाठी काही साठविले नाही, कारण त्यांची सर्व पुंजी आमच्या फीमध्ये आणि वह्या-पुस्तकांत गेली. त्यांच्या म्हातारपणाची तरतूद म्हणजे आम्हीच आहोत. आई एका खांद्यावर आणि वडील दुसऱ्या खांद्यावर घेऊन शंभर वर्षे फिरविले तरी त्यांचे ऋण फिटत नाही, असे भगवंतांनी सांगितले आहे. त्याच ठिकाणी पुढे ते म्हणतात की, श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा यांत आई-वडिलांना जो स्थिर करतो तो हे ऋण फेडतो. महिन्याला पैसे पाठविले म्हणजे कर्तव्य संपले, असा याचा अर्थ होत नाही. त्यांच्याजवळ बसणे, त्यांना विहारात नेणे, औषधाची वेळ सांभाळणे, त्यांचे म्हणणे पुरते ऐकून घेणे हेही त्यात येते.

यातच आपली स्वतःची तयारीही आहे. घरातील लहान मुले आपण आजीशी कसे बोलतो ते पाहत असतात. आपल्याशी पुढे कसे बोलावे हे ती त्यातून शिकतात.

भावनेबरोबर कायद्याचीही माहिती असावी. 'आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७' या कायद्यान्वये स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या आई-वडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. त्यासाठी उपविभागीय स्तरावर न्यायाधिकरण असते. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता मुलांना किंवा नातेवाईकांना दिली आणि त्यांनी सांभाळ केला नाही, तर असे हस्तांतरण रद्द ठरविता येते. म्हणून बक्षीसपत्र करावयाचेच असेल तर सांभाळाची अट त्यात स्पष्ट लिहून घ्यावी. शक्य असेल तर हयातीत घर नावावरून काढूच नये, मृत्युपत्र करावे. आपल्या आई-वडिलांना हे समजावून सांगणे हे शिकलेल्या मुलाचे काम आहे, मग ते स्वतःच्या फायद्याचे नसले तरी.

चौथी तयारी : मन

सर्व तयारी करूनही शरीर थकणार आहेच. तथागतांचेही थकले. संयुत्त निकायातील जरासुत्तात सावत्थीच्या पूर्वारामात भगवंत सायंकाळी मावळतीच्या उन्हात पाठ शेकत बसले आहेत. आनंद त्यांचे अंग चोळता चोळता म्हणतो की, भगवंतांची कांती पूर्वीसारखी राहिली नाही, गात्रे सैल पडली, सुरकुत्या आल्या, शरीर पुढे वाकले. भगवंत ते नाकारत नाहीत. तारुण्यात जरा दडलेलीच असते, असे ते शांतपणे सांगतात. ऐंशीव्या वर्षी बेलुवगावी त्यांनी आपल्या देहाला पट्ट्या बांधून कशीबशी चालविलेल्या जुन्या गाडीची उपमा दिली. त्याच गावी त्यांनी स्वतःच स्वतःचे द्वीप व्हा, असा उपदेश केला.

मनाच्या तयारीचे नेमके सूत्र नकुलपिता या वृद्ध गृहस्थाला मिळाले. तो भग्ग देशातील सुंसुमारगिरी येथे राहत असे. आपण म्हातारे झालो, सतत आजारी असतो, असे तो म्हणाला. शरीर आजारी असले तरी मन आजारी होऊ देणार नाही असे शिकावे, असे भगवंतांनी त्याला सांगितले. सारिपुत्ताने याचा खुलासा असा केला की, देह म्हणजेच मी आणि देह माझा, या समजुतीला जो चिकटतो त्याचे मन देह बदलला की दुःखी होते.

हे शिकणे साठाव्या वर्षी सुरू करता येईल काय? येते. अनेक मुलांची आई असलेली सोणा मुलांना मालमत्ता वाटून दिल्यावर त्यांच्याच घरी नकोशी झाली. म्हातारपणी ती भिक्खुणी झाली, रात्री अंधारात खांबाला हात धरून चंक्रमण करीत राहिली, आणि उद्योगशील भिक्खुणींमध्ये भगवंतांनी तिला अग्रस्थान दिले. परंतु सोणाला जे अंधारात खांब धरून करावे लागले ते आपल्याला आज सरळ पायांनी, चांगल्या डोळ्यांनी करता येते. रोज दहा-पंधरा मिनिटे आनापान, महिन्याला एक चांगले पुस्तक, रागाच्या क्षणी थांबण्याची सवय, आणि नोकरीव्यतिरिक्त एखादे काम किंवा छंद, ही मनाची बचत आहे. जो केवळ वयाने वाढतो आणि प्रज्ञेने वाढत नाही त्याची तुलना जरावग्गात बैलाशी केली आहे, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.

विहार आणि संस्था काय करू शकतात?

अशोकाच्या आठव्या शिलालेखात धम्मयात्रेचे वर्णन आहे. वृद्धांची भेट घेणे आणि त्यांना द्रव्यसाहाय्य करणे यांचा त्यात उल्लेख आहे. या लेखाचा एक तुकडा आपल्या मुंबईजवळ सोपारा येथे मिळाला. म्हणजे वृद्धांची विचारपूस करणे ही राज्यकर्त्याची धम्मयात्रा होती. आपल्या संस्थेलाही छोट्या प्रमाणात ती काढता येईल. त्यासाठी पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

(१) वस्तीतील सत्तरीवरील व्यक्तींची यादी विहारात ठेवावी. एकट्या राहणाऱ्यांकडे दर रविवारी दोन विद्यार्थ्यांनी जावे.

(२) श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना ६५ वर्षांवरील गरजू वृद्धांसाठी आहे. ७० वर्षांवरील सर्वांसाठी २०२४ साली आयुष्मान योजनेत वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची तरतूद झाली. अर्ज, आधार, बँकखाते यांच्या अडचणींमुळे पुष्कळ वृद्ध मागे राहतात. महाविद्यालयीन तरुणांनी महिन्यातून एक दिवस विहारात बसून हे अर्ज भरून द्यावेत.

(३) वर्षावासात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. वाचनानंतर अर्धा तास एखाद्या ज्येष्ठ उपासकाने किंवा उपासिकेने आपले अनुभव सांगावेत आणि विद्यार्थ्यांनी ते लिहून घ्यावेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षा सोहळ्यात आई-वडिलांचे बोट धरून गेलेली मुले आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्याबरोबर तो इतिहास निघून जाईल.

(४) पहिला पगार मिळालेल्या तरुण-तरुणींसाठी बचत, विमा, नामनिर्देशन आणि मृत्युपत्र या विषयांवर वर्षातून एक वर्ग घ्यावा.

समारोप

म्हातारपण ही शिक्षा नाही आणि बक्षीसही नाही. ते कारण-परिणामाच्या नियमाने येते. त्याची काही कारणे आपल्या हाती नाहीत : गरिबी, अपघात, अनुवंशिक आजार. त्यासाठी समाज आणि शासन यांनी उभे राहिले पाहिजे. परंतु पुष्कळ कारणे आपल्या हाती आहेत आणि ती आज, तारुण्यात आहेत. आजच्या वृद्धांची सेवा करणे आणि आपल्या वार्धक्याची तयारी करणे ही दोन वेगळी कामे नाहीत. आजोबांना हात देऊन विहाराच्या पायऱ्या चढविणाऱ्या तरुणाला आपलेही गुडघे एके दिवशी थकणार, हे त्याच वेळी समजत असते.

मननासाठी प्रश्न

१. यौवनमद, आरोग्यमद आणि जीवितमद यांपैकी कोणता मद आपल्यात अधिक आहे? त्याचे एक उदाहरण लिहा.

२. श्रेष्ठीपुत्राच्या आई-वडिलांची चूक कोणती? आजचे पालक ती कोणत्या रूपात करतात?

३. मागील महिन्याच्या आपल्या खर्चाचे सिगालोवाद सुत्ताप्रमाणे चार भाग करून पाहा. चौथा भाग किती उरला?

४. आपल्या घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला तिच्या तरुणपणाविषयी पाच प्रश्न विचारा आणि उत्तरे वहीत उतरवून घ्या.

५. नकुलपित्याला मिळालेला उपदेश आपल्या शब्दांत सांगा.

नमो बुद्धाय! जय भीम!